साठीच्या आसपास तब्येतीचं काय करायचं: सुरुवात पायांपासून

म्हातारपणाची तयारी म्हटलं की लोक आधी मेडिक्लेम बघतात, मग फुल बॉडी चेकअप करून घेतात आणि शेवटी मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणतात. यात चूक काही नाही. पण रात्री स्वतः उठून संडासला जाता येणं, लिफ्ट बंद असताना जिना चढता येणं, एसटीच्या पायरीवर पाय टाकता येणं ज्यावर अवलंबून आहे, ते यात कुठेच येत नाही. ते म्हणजे मांड्या, पोटऱ्या आणि कुल्ल्यांचे स्नायू.

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंपेक्षाही भराभर उतरते. वजनकाट्यावर मात्र काही दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. त्यामुळे 'माझं वजन वीस वर्षं तेवढंच आहे' यावर फार खूश होऊ नये.

हा लेख पन्नाशी ते पंचाहत्तरीतल्या, आपली कामं आपण करणाऱ्या माणसांसाठी आहे. आणि दुसऱ्या शहरात किंवा परदेशात राहून फोनवरून आई-बाबांचं बघणाऱ्या मुलांसाठीही. खालचा कार्यक्रम बारा आठवडे करायचा, असं धरून चाला. त्याआधी फरक शोधू नका.

जवळ काय काय लागेल

- हात नसलेली, न हलणारी खुर्ची, बैठकीची उंची साधारण ४३ सेंटिमीटर (१७ इंच). प्लास्टिकची नको, ती सरकते.
- शिवणकामाची टेप, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एक वही.
- एक दणकट पाठपिशवी आणि पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या. एक भरलेली बाटली म्हणजे एक किलो.
- व्यायामाचं लांब रबर.
- दंडावर पट्टी बांधायचं डिजिटल बीपी मशीन. मनगटाचं घेऊ नका, हात थोडा वर-खाली झाला तरी आकडा बदलतो.

जिम, ट्रेडमिल, स्मार्ट घड्याळ यांची सुरुवातीला गरज नाही. मुलांनी हौसेनं घेऊन दिलेली ट्रेडमिल बहुतेक घरांत टॉवेल वाळत घालायला वापरतात.

१. आधी मोजा आणि तारीख घालून लिहा

मोजताना घरातलं कुणीतरी बाजूला उभं असावं.

खुर्चीची चाचणी: खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, हात छातीवर फुलीसारखे आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण ताठ उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. अर्धवट उठणं धरायचं नाही. हात टेकावा लागला तर आकडा शून्य लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयात पुरुषांचा आकडा १४ पेक्षा आणि बायकांचा १२ पेक्षा कमी आला, तर पाय सरासरीपेक्षा कमजोर समजतात. ७० ते ७४ मध्ये हेच आकडे १२ आणि १० आहेत.

तोलाची चाचणी: ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावा, म्हणजे दोन्ही पावलं एका रेषेत येतील. असं १० सेकंद राहता आलं नाही तर पडण्याचा धोका जास्त आहे असं धरून चाला. जमलं तर एका पायावर १० सेकंद. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साधारण पाचातल्या एकाला हे जमलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण त्याच गटात जास्त दिसलं. एका पायावर उभं राहिल्यानं आयुष्य वाढतं असा अर्थ काढू नका. तोल जाणं ही आत बऱ्याच गोष्टी ढासळल्याची खूण असते.

पोटरीचा घेर: बसून, पोटरीच्या सर्वात जाड भागाभोवती टेप. स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा स्नायू कमी असल्याचा इशारा मानला आहे. पायाला सूज असेल तर हे माप फसवं ठरतं.

हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुन्हा मोजायचं ते सहा आणि बारा आठवड्यांनी. दर दोन दिवसांनी मोजत बसलात तर विनाकारण हिरमुसाल.

२. डॉक्टरांकडे एकदा, हातात फाइल घेऊन

छातीत दुखणं, थोड्या चालण्यानं दम लागणं, चक्कर येऊन पडणं, नुकतंच हाड मोडणं किंवा ऑपरेशन होणं, बीपी १८०/११० च्या वर: यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि मग व्यायाम. बाकीच्यांनीही एक भेट घ्यावी. फाइलमध्ये एवढं असू द्या:

- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून आपणच आणलेल्या गोळ्याही याव्यात. सोपा उपाय म्हणजे पाकिटं एका पिशवीत भरून पिशवीच घेऊन जाणं.
- गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले.
- खुर्ची, तोल आणि पोटरीचे आकडे; गेल्या वर्षात किती वेळा पडलात आणि कुठे.
- आधार कार्ड, विम्याची कागदपत्रं, घरच्या एका माणसाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात.

वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. लागतं ते आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल. गडबड होते ती इथेच: आधारला जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी येत नाही. तो आधी बदलून घ्या. आणि जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे हे तब्येत ठीक असतानाच विचारून ठेवा.

तपासण्यांत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि बी-१२ एवढं बहुतेकांना पुरतं. बाकीचं डॉक्टर ठरवतील. शाकाहारी माणसं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणारे यांच्यात बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, अडखळतं चालणं हे सगळं 'वयामुळे' म्हणून सोडून दिलं जातं आणि कधीकधी कारण एवढंच निघतं. ६५ च्या पुढच्या बायकांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी एकदा विचारावी. पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' घातलेले असतात, ते लक्षण नसताना करू नयेत; बरेचदा खोटा इशारा मिळतो आणि पुढे स्कॅनवर स्कॅन सुरू होतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल सावध राहा. साठ हजार युनिटचं पाकीट 'आठवड्याला एक, आठ आठवडे' असं लिहून दिलेलं असतं आणि लोक ते दोन-दोन वर्षं चालू ठेवतात. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, पण जास्त घेतलं म्हणजे हाडं जास्त मजबूत, असं होत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच डोस देऊन पाहिला होता. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डोस घेतलेल्या गटात पडणं आणि हाड मोडणं दोन्ही जास्त भरलं.

३. ताकद: आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस मोकळा

'रोज तासभर चालतो की' हे उत्तर ठरलेलं असतं. चालणं हृदयाला चांगलं, पण त्यानं मांडीची ताकद फारशी वाढत नाही, कारण शरीराला त्या वजनाची सवय झालेली असते. स्नायू वाढतो तो त्याला आजवर न पेललेलं काम दिलं तरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही चालण्याच्या जोडीला आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितला आहे.

आता या वयात कसलं वजन उचलणं, असं वाटत असेल तर बॉस्टनमधला १९९० चा अभ्यास बघा. वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या, आधीच अशक्त असलेल्या मोजक्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दहाच जण होते हे खरं, पण त्यानंतर झालेल्या मोठ्या अभ्यासांतही दिशा तीच दिसली.

आधी पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाका, खांदे फिरवा. मग हे सहा प्रकार:

*खुर्चीवरून उठणं-बसणं.* बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर या. पावलं खांद्यांइतकी लांब आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि टाचांवर भार देऊन उठा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. धप्पकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला, कारण खाली येताना भार रोखून धरणं हेच मांडीचं खरं काम. गुडघे आत एकमेकांकडे झुकू देऊ नका. ८ ते १० वेळा. उठताच येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. सहज जमायला लागलं की पिशवीत दोन बाटल्या घालून ती छातीशी धरा, मग तीन, मग चार.

*टाचा उचलणं.* ओटा धरून चवड्यांवर उभं राहणं, वर दोन सेकंद थांबणं. १२ ते १५ वेळा. पुढे एका पायावर.

*पायरी चढणं.* जिन्याची सर्वात खालची पायरी, कठडा धरून. उजवा पाय वर, डावा त्याच्याशेजारी, मग त्याच क्रमानं खाली. खालच्या पायानं स्वतःला ढकलू नका; वरच्या पायालाच काम करू द्या. प्रत्येक बाजूनं ८.

*भिंतीवरचे दंड.* भिंतीपासून हातभर लांब उभं राहून. १० वेळा. जमलं की भिंतीऐवजी ओटा.

*रबर ओढणं.* खिडकीच्या पक्क्या गजाला रबर अडकवून कोपरं मागे ओढायची, पाठीची पाती जवळ आणायची. १० ते १२. दाराच्या कडीला अडकवू नका, दार उघडलं तर थेट मागे पडाल.

*पिशव्या घेऊन चालणं.* दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, सुरुवातीला दोन-दोन किलो, खांदे ताठ ठेवून ३० पावलं. भाजी आणताना हे आपोआप होतं. तेवढ्यासाठी तरी सगळं ॲपवरून मागवू नका.

पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराची एकच फेरी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन, पाचव्यापासून तीन. फेरीतली शेवटची दोन जड जायला हवीत, पण शरीराचा ढंग बिघडायला नको. बारा वेळा गप्पा मारत होत असेल तर वजन वाढवायची वेळ झाली.

हमखास चुकणाऱ्या गोष्टी अशा. जोर लावताना श्वास रोखला जातो आणि बीपी एकदम उसळतं. उठताना तोंडानं 'हूं' म्हणत श्वास सोडा. पहिल्याच दिवशी उत्साहात तीन फेऱ्या केल्या की तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि तिथेच कार्यक्रम आटोपतो. आणि तीच बाटली घेऊन सहा-सहा महिने काढले जातात.

गुडघेदुखीवाल्यांनी हे सोडायचं नाही, उलट गुडघ्याची झीज असेल तर मांडी मजबूत करणं हा उपचाराचाच भाग असतो. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज आली तर खुर्ची उंच करा आणि फेरी कमी करा. सूर्यनमस्कार, योगासनं चालू असतील तर चालू ठेवा. अंग मोकळं राहतं, फक्त त्यात भार वाढवत नेता येत नाही.

४. तोल: रोज पाच मिनिटं

दात घासताना ओट्याशी किंवा बेसिनशी उभं राहून आधी पावलं एका रेषेत, मग एका पायावर, एक बोट टेकवून, मग बोट उचलून. घरातल्या भिंतीलगत टाचेला अंगठा लावत दहा पावलं पुढे, दहा मागे. डोळे मिटून करायचा मोह टाळा, निदान एकट्यानं नको.

याच्याच जोडीला एक गोष्ट शिकून घ्या, जी बहुतेक कुणी शिकवत नाही: जमिनीवरून उठणं. पडल्यावर हाड मोडलं नसतानाही माणूस तासन्‌तास जमिनीवर पडून राहतो, ते उठता न आल्यामुळे. क्रम असा. आधी तसंच पडून राहून कुठे दुखतंय ते बघा. कुशीवर वळा. कोपरावर, मग हातावर जोर देऊन ओणवं व्हा. रांगत खुर्ची किंवा पलंगापाशी जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, जो पाय जास्त मजबूत त्याचं पाऊल पुढे जमिनीवर टेकवा, हात आणि तो पाय यांवर एकदम जोर देऊन वर या, वळून बसा. सतरंजीवर, कुणी शेजारी असताना, महिन्यातून दोनदा सराव करा. जेवायला किंवा निवडणं-टिपणं करायला जमिनीवर बसायची सवय असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर ती सोडू नका. दिवसातून चार वेळा खाली बसून उठणं हाही व्यायामच आहे.

५. चालणं

दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, संशोधनातून नाही. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीपुढच्या लोकांत सहा ते आठ हजार पावलांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. सध्या तीन हजार होत असतील तर चार हजारांवर जा, एवढंच. वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

शतपावलीला मात्र चांगला आधार मिळाला आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ४१ जणांवर केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. शंभर पावलं पुरत नाहीत, हजारेक हवीत. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा.

६. ताट: प्रथिनं मोजल्याशिवाय कळत नाहीत

व्यायाम केला आणि ताटात प्रथिनं नसली तर स्नायू बांधायचा कशातून? ६५ च्या पुढच्यांसाठी तज्ज्ञ रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. वजन ६० किलो असेल तर ६० ते ७२ ग्रॅम. आता नेहमीचा शाकाहारी दिवस बघा: सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, भात, पातळ वरण, चारला चहा-बिस्किट, रात्री मऊ खिचडी. हिशेब चाळीस ग्रॅमच्या आसपास अडकतो. त्यात रात्रीचं जेवण 'हलकं' करायचं म्हणून नुसतं दूध-भाकरी किंवा फळं असली की आणखी खाली.

साधारण मापं अशी (कच्च्या, कोरड्या वजनावर):

- ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य: ७ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत एवढी डाळ नसते.
- २०० मिलि दूध: ६ ग्रॅम, १५० ग्रॅम दही: ५.
- एक अंडं: ६.
- ६० ग्रॅम पनीर: ११.
- २५ ग्रॅम सोयाबीन वडी: १३.
- ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा फुटाणे: ६ ते ७.
- १०० ग्रॅम बांगडा किंवा चिकन: २० च्या आसपास.
- एक ज्वारीची भाकरी (६० ग्रॅम पीठ): ६, एक पोळी: ३.५.

यावरून एक दिवस बांधू. सकाळी मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि कपभर दूध, १८. दुपारी दोन पोळ्या, मटकीची घट्ट उसळ, वाटीभर दही, २१. चारला बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे, ६. रात्री भाकरी आणि पिठलं, १४. झाले जवळपास साठ. यात भात-भाजी धरलेलीच नाही. नवीन पदार्थ एकही नाही, फक्त पातळ वरणाऐवजी घट्ट उसळ आणि बिस्किटं बाद.

दात नसतील तर फुटाण्यांचं पीठ ताकात, कूट घालून कोशिंबीर, मऊ पनीर भुर्जी. कवळी सैल झाली म्हणून माणूस मऊ भातावर येतो आणि तिथून घसरण सुरू होते. कवळी नीट बसवून घेणं हे स्नायूंसाठीही गरजेचं आहे. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, तेव्हा राजगिरा, दूध, दही, शेंगदाणे यांवर भर द्या. डब्यातल्या 'शक्तिवर्धक' पावडरींचं लेबल वाचा; बऱ्याच डब्यांत साखर आणि माल्ट जास्त आणि प्रथिनं थोडी असतात.

इशारा: ईजीएफआर ६० पेक्षा कमी असेल किंवा किडनीचा आजार असेल तर प्रथिनं आपल्या मनानं वाढवू नका. आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, तर 'बारीक झालो' म्हणून आनंद न मानता तपासणी करून घ्या.

७. बीपी घरी मोजा, नीट मोजा

पन्नाशीनंतर मेंदू, हृदय, किडनी या तिघांनाही सांभाळायचं तर बीपी ताब्यात असणं हा सर्वात स्वस्त उपाय. पण घरचे आकडे बहुतेक वेळा चुकीचे घेतलेले असतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट, पाच मिनिटं न बोलता बसा. पट्टी उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीवर टेबलावर टेकलेला. दंडाचा घेर मोजून पट्टीवर छापलेल्या मापाशी जुळवा. पट्टी लहान पडली तर आकडा खोटा जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा.

गोळ्या चालू असतील तर आणखी एक तपासणी: पाच मिनिटं आडवं राहून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल, तर रात्री उठल्यावर चक्कर येऊन पडण्याचं ते कारण असू शकतं. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्यात लोणचं-पापड-फरसाण सगळं आलं.

८. घर

दोन तासांचं काम आहे, एका रविवारी उरकून टाका. पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा. न्हाणीघरात पाणी निथळून जाईल असा उतार आणि न घसरणारी चटई. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा, जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटरवर. टॉवेलचा दांडा माणसाचा भार घेत नाही. सुटी पायपुसणी काढून टाका. उंबरठ्याला रंगीत पट्टी लावा. घरात मागून बंद असलेल्या, खाचांचा तळ असलेल्या चपला घाला. आणि स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं आजपासून बंद.

९. कान, डोळे, लस, झोप

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ टाळता किंवा कमी करता येण्यासारखी कारणं दिली आहेत. सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यात ऐकू कमी येणं आणि उपचार न केलेली दृष्टी दोन्ही आहेत. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं याची तपासणी) करून घ्या. कानाचं यंत्र पहिले काही आठवडे त्रासदायकच वाटतं. रोज एक तासानं सुरुवात करून वाढवत न्या, नाहीतर ते कपाटात जातं. उत्पन्न मर्यादेत असेल तर महाराष्ट्रात ६५ च्या पुढच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळण्याची सोय आहे. मोतीबिंदू 'पिकू द्यायचा' हा सल्ला जुना झाला.

लशींबद्दल डॉक्टरांना तीन नावं विचारा: फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची), आणि पन्नाशीपुढे नागिणीची (दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं).

झोप येत नाही म्हणून चालू केलेली अल्प्राझोलॅमसारखी गोळी आणि सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं म्हातारपणी पडण्याचं आणि गोंधळल्यासारखं होण्याचं मोठं कारण असतात. जुनी झोपेची गोळी एकदम थांबवली तर त्रास होतो, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच उतरवायची. त्याआधी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतरचा चहा सोडा, उठायची वेळ एकच ठेवा.

१०. आजारपण आलं तर

बारा आठवड्यांत कमावलेलं एका डेंग्यूत किंवा ऑपरेशनमध्ये जातं. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतून साधारण एक किलो स्नायू उतरला (२००७). 'आराम करा' हा सल्ला घरचे फार मनापासून पाळतात, ताटसुद्धा पलंगावर येतं.

म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवायला खुर्चीवर या, तासातासाला उठून दाराशी जाऊन या, पलंगाच्या कडेवर बसून गुडघे सरळ करा, घोटे वर-खाली करा. खाणं उतरलं असेल तर दूध, अंडं, पनीर, घट्ट वरण यांचे थोडे थोडे पाच घास दिवसातून सहा वेळा. ताप पूर्ण जाऊन दोन दिवस झाले की खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या. आकडा आधीच्या निम्म्यावर आला असेल तर पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा, उशी ठेवून, एका फेरीनं. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. तेव्हा फेऱ्या वाढवायच्या नाहीत, पण आठवड्याचे दोन दिवस चुकवायचेही नाहीत. सहा आठवडे उलटूनही हात न टेकता खुर्चीवरून उठता येत नसेल, तर डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी मागून घ्या.